बोगमाळोच्या आलिझेचे माप घेऊ द्या

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी, नौदल हवाई संग्रहालय, बोगमाळो,
तसेच नौदलाच्या हवाई शाखेतून निवृत्त झालेले वैमानिक, निरीक्षक आणि तंत्रज्ञ यांस,

विषय : निवृत्त विमानांची मापे, जुनी पुस्तके आणि तुमच्या आठवणी मिळण्याबाबत.

स. न. वि. वि.

मी वास्कोत राहतो. जहाजदुरुस्तीच्या कामात ड्राफ्ट्समन आहे, त्याला आता एकवीस वर्षे झाली. दिवसभर प्लेटा, फ्रेमा आणि वेल्डिंगच्या रेषा काढतो. रात्री जेवणे आटोपली, मुले झोपली, की दहा ते बारा संगणकासमोर बसून विमाने घडवतो. लढाऊ फ्लाइट सिम्युलेटरमध्ये उडणारी विमाने. आमच्या भाषेत याला मॉड म्हणतात. मूळ सिम्युलेटर कंपनीचा असतो, त्यात कंपनीने न दिलेले विमान आमच्यासारखे हौशी लोक तयार करून घालतात. कोणी नुसता रंग बदलतो, त्याला स्किन म्हणतात. कोणी कॉकपिट करतो, कोणी आवाज करतो, कोणी उड्डाणाचे गणित मांडतो. मी सांगाडा करतो, म्हणजे थ्रीडी मॉडेल, कारण हाताला सवय त्याचीच आहे.

गेली तीन वर्षे मी एकाच विमानावर अडून बसलो आहे. ते विमान तुमच्या आवारात उभे आहे. ब्रेगे आलिझे.

पंखांची रुंदी 15.6 मीटर, लांबी 13.86 मीटर, आत तिघांची जागा, नाकात रोल्स रॉइसचे डार्ट टर्बोप्रॉप इंजिन, पोटाखाली उतरवता येणारे रडार. फ्रेंच भाषेत आलिझे म्हणजे व्यापारी वारे. आपल्या नौदलाचे 310 वे स्क्वाड्रन मार्च 1961 मध्ये फ्रान्समधल्या इएर येथे या विमानांवर उभे राहिले. पाणबुड्या शोधणे हे त्यांचे मुख्य काम. 1971 च्या युद्धात सीहॉक या लढाऊ जेट विमानांबरोबर आलिझेही विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडाली. 1991 मध्ये ती सेवेतून गेली. आज सिम्युलेटरच्या जगात शोधायला गेलो, तर मनाजोगे, आतून-बाहेरून खरे वाटेल असे भारतीय आलिझे मला कुठेच मिळालेले नाही. म्हणून मी ते करायला घेतले आणि म्हणूनच आज हे पत्र लिहितो आहे.

अडचण कुठे येते ते आधी सांगतो. त्याशिवाय माझ्या मागणीला अर्थ राहणार नाही.

विमानाचे तीन बाजूंचे नकाशे पुस्तकांत, मासिकांत मिळतात. मी सुरुवात त्यांवरूनच केली. दोन वेगळ्या ठिकाणचे नकाशे एकाच प्रमाणात आणून एकावर एक ठेवले, तर नाकाची रेषा एकीकडे आणि शेपटीची रेषा दुसरीकडे. कोणीतरी कधीतरी फोटोवरून अंदाजाने काढलेले असते, पुढचा त्यावरून उतरवतो, त्याच्यावरून तिसरा. जहाजाच्या कामात असा नकाशा मी साहेबांसमोर ठेवला असता तर मला दारातूनच परत पाठवले असते, आणि ते बरोबरच झाले असते. मग मी फोटोंकडे वळलो. तुमच्याकडे तिकीट काढून कितीदा आलो याची मोजदाद ठेवलेली नाही. लांबून, कठड्याच्या बाहेरून, जिथून परवानगी आहे तिथून फोटो काढले आणि त्यावरून चाकांचे पाय केले. मॉडेल सिम्युलेटरमध्ये धावपट्टीवर ठेवले, तर ते बसलेल्या म्हशीसारखे दिसले. पंखा जमिनीच्या इतका जवळ, की जहाजाच्या डेकवर पहिल्याच उतरण्यात पाती घासली असती.

कारण समजायला मला दोन महिने लागले. विमानाच्या पायात दाबाखालचे तेल आणि वायू असतो. उडणाऱ्या विमानात तो दाब विमानाला उचलून धरतो. वर्षानुवर्षे जागेवर उभ्या असलेल्या विमानातला दाब निघून जातो, पाय खाली बसतात, टायर चपटे होतात. जगातल्या बहुतेक संग्रहालयांत हे असेच असते, त्यात दोष कोणाचाच नाही. पण फोटोवरून माप घेणारा माणूस तीच बसकी उंची खरी धरून चालतो. पाय जवळून पाहता आला, त्याच्या आतल्या चकचकीत दांड्याचा किती भाग बाहेर आहे हे मोजता आले, तर खरी उंची गणिताने काढता येते. त्यासाठी विमानाला हात लावायचीही गरज नाही, फक्त दीड हातावर बसू द्यायला हवे.

रंगाचेही तसेच. बोगमाळोचा खारा वारा आणि गोव्याचा सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस यांच्यासमोर ॲल्युमिनियम उभे ठेवायचे म्हणजे रंगाचे हात पुन्हा पुन्हा द्यावे लागणारच. ते तुम्ही देता म्हणून ही विमाने अजून उभी आहेत, याबद्दल आम्ही तुमचे ऋणी आहोत. पण प्रत्येक हाताखाली रिव्हेटच्या रांगा थोड्या थोड्या बुजत जातात, झाकणांच्या कडा भरतात, जुन्या सूचना पुसल्या जातात. तिरप्या उजेडात, सकाळी सात-साडेसातला, अजून त्या रांगा वाचता येतात. आणखी चार हात बसल्यावर येतील का, याची मला काळजी वाटते.

इथे माझ्या मामांचे सांगितले पाहिजे. मामा मूळचे मालवणचे. नौदलात तंत्रज्ञ होते, दाबोळीला बरीच वर्षे काढली आणि मग वास्कोतच राहिले. वय आता 76. गेल्या वर्षी दामोदर सप्ताहाला घरी आले असताना मी त्यांना आलिझे दाखवले. माझ्या मते तेव्हा बाहेरचा सांगाडा जवळजवळ झाला होता. पंख मिटताना, हुक खाली येताना, चाके आत जाताना मी त्यांना एकेक दाखवत होतो. मामा चष्मा कपाळावर सरकवून गप्प बसून पाहत होते. मग पोटाखालचे एक झाकण मी उघडून दाखवले आणि त्यांनी पडद्यावर बोट टेकवले.

"अरे, ह्यां झाकाण असां उघडणां नाय. बिजागरी फुडल्या बाजूक आसा."

मी म्हटले, फोटोत तर अशीच दिसते. ते म्हणाले, फोटोत दिसते ती पट्टी आहे, बिजागरी नव्हे. आणि त्यांनी तळहात उपडा करून बोटांच्या टोकांपासून तो खाली पाडून दाखवला, मग दुसरा हात त्या फटीत घातला, जणू आत काहीतरी चाचपत आहेत. "थंय पाना घालूक जागा नाय. आंगठो सोलपटायचो." अंगठ्यावरचा जुना व्रणही दाखवला. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. हाताला ती जागा अजून पाठ होती.

त्या रात्री मी ते झाकण पुसून पुन्हा केले. काम तासाभराचेच होते. पण ती एक गोष्ट कुठल्याही पुस्तकात नव्हती, ती मामांच्या अंगठ्यात होती. अशी किती झाकणे असतील, आणि ती ठाऊक असलेले किती हात आज गोव्यात, केरळात, विशाखापट्टणमला, कोकणात निवांत पडून असतील? निवृत्त मंडळींना मी हे पत्र लिहितो आहे ते याच कारणाने. तुम्हाला वाटते की हे सगळे कुठेतरी लिहिलेले असेलच. लिहिलेले नाही. निदान आमच्यापर्यंत पोचलेले नाही.

सांगाड्यापेक्षाही मोठा प्रश्न आहे तो उड्डाणाचा.

सिम्युलेटरमधले विमान दिसते सांगाड्यामुळे, पण उडते आकड्यांमुळे. पंखाचे क्षेत्रफळ, वजन, गुरुत्वमध्य, वजन कुठे कुठे वाटलेले आहे त्याचे हिशेब, पंख हवेला कुठल्या कोनात भिडला की किती उचल मिळते आणि किती अडवणूक होते याचे तक्ते. फ्लाइटगिअर हा मुक्त सिम्युलेटर आहे, त्यात हे सगळे साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिता येते, कोणीही उघडून वाचावे. आलिझेचे पंखाचे क्षेत्रफळ 36 चौरस मीटर हे छापील मिळते, उड्डाणाचे कमाल वजन आठ टनांच्या आसपास हेही मिळते. गुरुत्वमध्य मिळत नाही. तो अंदाजाने धरला आणि थोडा मागे पडला, की विमान नाक वर-खाली करत नाचायला लागते. थोडा पुढे पडला, की उतरताना नाक उचलता उचलत नाही. माझ्याबरोबर हे गणित मांडणारा मुलगा म्हापशाचा आहे, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. त्याने आतापर्यंत सतरा वेळा आकडे बदलले. सतराही वेळा विमान उडाले. त्यांतले कुठले आलिझे, हे आम्हा दोघांनाही सांगता येत नाही.

ते फक्त ज्यांनी उडवले तेच सांगू शकतात. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, सोडले की नाक कुठे जाते? इंजिनाला एकदम जोर दिला तर विमान कुठल्या बाजूला ओढते, आणि ते सरळ ठेवायला पाय किती दाबावा लागतो? शेवटच्या वळणात, डेक समोर आल्यावर, किती वेग धरायचा? वेग कमी पडला की विमान आधी इशारा देते का, की एकदम खाली बसते? "जड वाटायचे", "सुतासारखे यायचे" एवढे एखादे वाक्यही आमच्या कामाचे असते. आम्ही त्यावरून आकडा शोधतो, विमान पुन्हा उडवतो, पुन्हा विचारतो. एखाद्या निवृत्त वैमानिकाने जॉयस्टिक हातात घेऊन दहा मिनिटे उडवले आणि "छे, हे असे नव्हते" एवढेच म्हटले, तरी ती दहा मिनिटे आमच्या सहा महिन्यांना पुरून उरतील.

ज्या डेकवर ही विमाने उतरत होती तो डेक आता नाही. जुन्या विक्रांतचे संग्रहालय 2012 मध्ये बंद झाले आणि 2014 च्या अखेरीस ती मुंबईत तोडायला घेतली. पुढे विराट ही दुसरी विमानवाहू नौकाही तोडण्यासाठी अलंगला गेली. वाफेवर चालणाऱ्या कॅटापुल्टने फेकले जाणे, मग परत येऊन तारेत हुक अडकवून थांबणे, हे आलिझेवर पुन्हा कोणी अनुभवू शकणार असेल तर ते सिम्युलेटरमध्येच. जहाजाचे नकाशे मला वाचता येतात, त्यामुळे विक्रांतचा डेक करायचे कामही मी मनात धरून ठेवले आहे. पण आधी विमान.

कोणी म्हणेल, हौशी पोरांचे खेळ ते, त्यासाठी नौदलाला कशाला त्रास? हा प्रश्न मला घरातही विचारला गेला आहे, म्हणून त्याचे उत्तर देतो. फाल्कन 4.0 नावाचा एफ-16 चा सिम्युलेटर 1998 मध्ये आला. 2000 मध्ये त्याचा सोर्स कोड बाहेर पडला, आणि मूळ कंपनीचे काम थांबल्यावर हौशी लोकांनीच तो पुढे नेला. त्यातून झालेल्या फाल्कन बीएमएसच्या नव्या आवृत्त्या आजही निघतात. डीसीएस या सिम्युलेटरसाठी हौशींच्या गटाने ए-4ई स्कायहॉक हे अमेरिकन नौदलाचे विमान कॉकपिटसकट केले आणि फुकट वाटले. कोणाच्या नोकरीचा भाग नसलेले काम आहे हे, आणि ते जीव ओतून केलेले आहे. पण त्या स्कायहॉकमागची एक गोष्ट नीट पाहायला हवी. त्या विमानाचे वैमानिकासाठीचे अधिकृत पुस्तक आज जगातल्या कोणालाही वाचायला मिळते. कुठला दिवा कधी लागतो, किती वजनाला किती वेग, सगळे त्यात आहे. अमेरिकेची, ब्रिटनची जुनी विमाने सिम्युलेटरमध्ये ढिगाने आणि उत्तम दिसतात याचे मोठे कारण हे. हुशारी त्यांच्याकडे जास्त आहे असे मी मानत नाही. त्यांच्याकडे कागद उघडे आहेत.

आपल्याकडे काय होते? परदेशी कोणीतरी आपल्या नौदलासाठी केलेले सीहॉक किंवा सी हॅरियर मिळाले, तर ते बहुतेक त्यांच्या विमानावर आपले तिरंगी चक्र चिकटवलेले असते. आत रेडिओ त्यांचा, सूचना त्यांच्या, बाहेरच्या बारीकसारीक गोष्टी त्यांच्या. आपली 16 डिसेंबर 1983 रोजी दाबोळीला उतरलेली पहिली तीन सी हॅरियर, 2016 च्या मे महिन्यात दाबोळीच्याच हंसा या नौदल तळावर त्यांना दिलेला निरोप, हे सगळे आपल्या अंगणात घडले. आणि त्या विमानाचे खरे रूप बाहेरच्यांनी अंदाजाने रंगवावे, हे मला सहन होत नाही. सीहॉकचे सांगतो. त्याच्या इंजिनाचा धूर शेपटीतून जात नाही, नळी दुभंगून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना बाहेर पडते. तिथे मागे काजळीचा पट्टा उठतो. तो कुठून सुरू होतो, कुठे पातळ होतो, विक्रांतवर धुऊन धुऊन त्याचा रंग कसा व्हायचा, हे ज्यांनी बादली-फडके घेऊन तो धुतला त्यांनाच ठाऊक. स्किन करणारा माणूस अशा एका पट्ट्यासाठी आठवडा घालवतो, साहेब.

सुरक्षेची चिंता मी समजतो. दाबोळी हा चालता तळ आहे, विमानतळावर कॅमेरा काढायचा नसतो हे वास्कोच्या पोराला लहानपणापासून ठाऊक असते. म्हणून स्पष्ट लिहितो. सेवेतल्या कुठल्याही विमानाबद्दल आम्हाला काहीही नको. मिग-29के आमच्या डोक्यावरून रोज जातात, त्यांच्याबद्दल आम्ही एक प्रश्नही विचारणार नाही. निवृत्त झालेली, प्रदर्शनात ठेवलेली विमाने एवढाच विषय. जुन्या पुस्तकांतलीही मापे, वजने, कॉकपिटची मांडणी आणि उड्डाणाचे आकडे पुरे. शस्त्रे, रडार, सोनोबॉय (पाणबुडीचा आवाज टिपायला पाण्यात टाकायचे यंत्र) यांची पाने तुम्ही आधीच काढून ठेवावीत, आमची हरकत नाही. काढलेला प्रत्येक फोटो तुमच्या माणसाने तिथेच पाहावा, नको असेल तो तिथेच पुसावा.

प्रत्यक्षात मी मागतो आहे त्या चार सकाळी. जो वार संग्रहालयाला सोयीचा असेल तो. आम्ही तिघे येऊ. दोन टेप, ओळंबा, खडू नव्हे तर पाण्याने निघणारी कागदी पट्टी, लेव्हलसाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि एक कॅमेरा. ढगाळ सकाळ मिळाली तर सोने, कारण एकावर एक येणाऱ्या शेकडो फोटोंवरून संगणक सांगाडा बांधतो तेव्हा कडक ऊन आणि पंखाखालची काळी सावली दोन्ही त्याला फसवतात. चकचकीत रंग आणि कॉकपिटची काच तर त्याला दिसतच नाही, तिथे टेपच लागते. विमानावर चढणार नाही, काही उघडणार नाही, काही खरवडणार नाही. कॉकपिटमध्ये शिडीवरून वाकून पाहायला मिळाले तर मोठीच कृपा, नाही मिळाले तर त्यावाचून करू.

बदल्यात जे देता येईल ते देऊ. घेतलेली सगळी मापे आणि फोटो यांची एक पूर्ण प्रत संग्रहालयाची. उद्या डागडुजी करताना एखादा भाग नव्याने करायची वेळ आली तर तो नकाशा कामी येईल, आणि ते नकाशे मी कामाच्या ठिकाणी काढतो त्याच शिस्तीने काढून देईन. तयार विमान फुकट वाटले जाईल, विक्रीसाठी कधीही नाही. ही अट परवान्यात लेखी असेल. हे मी मुद्दाम लिहितो, कारण माझी एक जुनी स्किन कोणीतरी उचलून, माझे नाव काढून, पैसे घेऊन विकली होती. तेव्हा झालेला संताप अजून गेलेला नाही आणि तुमच्या विमानाच्या बाबतीत तसे होऊ नये यासाठी मी शेवटपर्यंत पाठपुरावा करीन. शिवाय तुमची इच्छा असेल तर संग्रहालयाच्या एखाद्या कोपऱ्यात संगणक आणि जॉयस्टिक मांडून देऊ. शाळेच्या सहली येतात तेव्हा मी पाहिले आहे, मुले आलिझेच्या समोर अर्धे मिनिट थांबतात, पाटी वाचतात आणि पुढच्या विमानाकडे पळतात. त्यांतल्या एखाद्या मुलीला तेच विमान विक्रांतवर उतरवून पाहता आले, तर ती परत येऊन त्याचा हुक कुठे आहे ते शोधेल.

निवृत्त मंडळींनो, तुमच्याकडे लॉगबुक असेल, डेकवरचे जुने फोटो असतील, कामाची वही असेल, तर ती आमच्या हाती देऊ नका. घरी बोलवा, आम्ही तिथेच बसून उतरवून घेऊ. आणि काहीच नसेल तरी बोलवा. मामांकडेही कागद एकही नव्हता.

पाऊस ओसरायला अजून महिना आहे. चवथ झाली की बोगमाळोचे आभाळ काही दिवस पांढरे, सपाट असते आणि पाऊस मात्र नसतो. माप घ्यायला त्याहून चांगले दिवस वर्षात मिळत नाहीत. तोवर तुमचे उत्तर आले तर टेप, ओळंबा आणि नळी पिशवीत तयार आहेत. मामांनाही घेऊन येईन. गुडघे दुखतात, फार वेळ उभे राहवत नाही त्यांना, पण त्या झाकणापाशी मला एकदा त्यांचा हात पाहायचा आहे.

आपला नम्र,
वास्कोचा एक ड्राफ्ट्समन